मागची सीट

अंबरनाथ पूर्वेला सरस्वती रोकडे कुठे राहतात म्हणून विचाराल, तर चार माणसं डोकं खाजवतील. व्हॅनवाल्या काकू म्हणा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. सतरा वर्षं ही बाई शाळेची पिवळी व्हॅन चालवते आहे, बारा सीटची, अंबरनाथची शाळा ते बदलापुरातलं कात्रप आणि परत. या रस्त्यावर गाडी हाकणं म्हणजे काय ते हाकणाऱ्यालाच ठाऊक. उजवीकडून रिक्षा घुसते, डावीकडून बुलेट, मधोमध म्हैस रवंथ करत उभी, आणि खड्डे तर जावयासारखे ठाण मांडून बसलेले. एवढ्या वर्षांत हिच्या गाडीला ओरखडा आला तो एकदाच, तोही गाडी उभी असताना, दुसऱ्याच्या कृपेने.

मुकेशची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, रंगाची कंपनी डळमळायला लागली तेव्हा अडतिसाव्या वर्षी तिने लायसन काढलं. वस्तीतले लोक हसले. बाई, आणि व्हॅन? पुढे त्याच लोकांनी आपापली पोरं तिच्या गाडीत बसवली आणि सीट मिळावी म्हणून मार्चपासून खेपा घातल्या. जगाची रीतच आहे, आधी हसतं आणि मग रांग लावतं.

तिच्या गाडीतली पोरं एका गोष्टीवरून ओळखू येतात. ती नेपाळीत मोजतात. लपाछपीत राज्य आलेलं पोर भिंतीकडे तोंड करून ‘एक, दुई, तीन, चार’ म्हणत ‘नौ, दश, एघार, बाह्र’पर्यंत जातं आणि पुढे ‘थर्टीन, फोर्टीन’वर येतं, कारण व्हॅनमध्ये सीट बाराच. ही मोजणी लावली मनमायाने. मनमायाचा नवरा कात्रपच्या एका सोसायटीत वॉचमन होता. वस्ती हसत होती तेव्हा ‘दिदी, मी बसते तुझ्यासोबत’ म्हणत पहिल्या दिवशी गाडीत चढली ती ही बाई, आणि पुढे आठ वर्षं पोरांना चढवत-उतरवत राहिली. दोघी दुपारी गाडीच्या पायरीवर बसून एका डब्यात जेवायच्या. मायाला सुक्या बोंबलाची चटक लागली आणि सरस्वतीला तिच्या आंबट पाल्याच्या रश्शाची.

दोघींनी मिळून एक शिस्त घातली होती. माया पोरं मोजणार, चढताना आणि उतरताना, मोठ्याने. शेवटच्या स्टॉपला शेवटचं पोर उतरलं की सरस्वतीने आपली सीट सोडून मागे जायचं, एकेका सीटवर हात ठेवायचा, वाकून खाली बघायचं आणि ‘बघितलं’ म्हणायचं. मग गाडी सुरू. एकीचं चुकलं तर दुसरीने धरायचं, घराला दोन कुलपं असतात तसं. ही शिस्त आज इतर व्हॅनवालेही पाळतात आणि कौतुकाने काकूंचं नाव घेतात. हे कौतुक कानावर आलं की सरस्वती विषय बदलायची. नऊ वर्षं बदलत आली, आणि का, ते घरात कुणालाही माहीत नव्हतं.

झालं होतं ते असं. एप्रिलची दुपार होती. त्या दिवशी मायाची मुलगी कल्पना, तेरा वर्षांची, तिची शाळा लवकर सुटली म्हणून व्हॅनमध्ये आईशेजारी येऊन बसली होती. शेवटचा स्टॉप कात्रपच्या पाळणाघराचा. तिथे रोज तीन मुलं उतरत. त्या दिवशीही तीन डोकी उतरली, माया पाठीवर हात ठेवत म्हणाली, दश, एघार, बाह्र. पण त्यातलं एक डोकं कल्पनाचं होतं. तिला तहान लागली होती म्हणून ती पोरांच्या मागोमाग पाणी प्यायला आत गेली आणि पिऊन परत येऊन बसली. स्वतःचं लेकरू आईच्या हाताखालून गेलं की ते वेगळं मोजायचं भान कुठल्या आईला राहतं? पाच वर्षांची राजसी मागच्या सीटखाली दप्तरावर डोकं ठेवून झोपून गेली होती. पाळणाघराच्या बाईंना वाटलं, ती आज शाळेतच गेली नसेल.

आणि नेमकं त्याच दिवशी सरस्वती मागे गेली नाही. घाई कसलीच नव्हती. ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते, बारा म्हणजे बारा झाले होते. माया दार ओढून घेते न घेते तोच गाडी सुटली. मायलेकींना त्यांच्या सोसायटीपाशी उतरवून तिने अंबरनाथला येऊन गाडी उन्हात उभी केली आणि त्या दिवशी डबा नव्हता म्हणून ती घरी जेवायला गेली. पाकीट गाडीत राहिलं म्हणून चाळीस मिनिटांनी परत आली, तेव्हा मागून कण्हल्यासारखा आवाज आला.

राजसीला कडेवर घेऊन ती दवाखान्यापर्यंत पळत गेली. चप्पल कुठे पडली ते तिला आजही आठवत नाही. पोर दोन दिवस सलाइनवर होती आणि वाचली. तिसऱ्या दिवशी शाळेत पालक जमले. मुख्याध्यापिकेने विचारलं, मोजणी कुणी केली? माया उभी राहिली, म्हणाली, मी केली, माझी चुकली. मग सरस्वतीला विचारलं, शेवटी सीट बघता ना तुम्ही, त्या दिवशी बघितली होती? सरस्वतीसमोर एका क्षणात सगळं उभं राहिलं. त्याच महिन्यात मुकेशच्या कंपनीला टाळं लागलं होतं, मुलगी भावना कॉलेजात होती, घर त्या एका स्टिअरिंगवर चाललं होतं. ती म्हणाली, ‘बघितली होती. पोर सीटखाली सरकली असेल, दिसली नाही.’

माया समोरच उभी होती. तिने एकदा सरस्वतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पालकांनी मायाला काढायला लावलं. राजसीच्या आईने, कुंदाने, उलट सरस्वतीचा हात धरला आणि म्हणाली, तुम्ही होतात म्हणून माझी मुलगी वाचली. वॉचमनच्या एका पगारात भागेना, तेव्हा महिन्याभरात मायाचं बिऱ्हाड गाशा गुंडाळून नेपाळात गेलं. कल्पनाची इथली शाळा आठवीतच सुटली.

त्यानंतर सरस्वतीने एकही दिवस मागची सीट बघायची चुकवली नाही. तापात नाही, सासू वारली त्या दिवशी नाही. पण रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज आपोआप खाली जाई. शेजारणीला वाटे, हिचा घसा बसलाय. नऊ वर्षं बसलेला घसा कुणी पाहिलाय?

माया मात्र दरवर्षी दसऱ्याला फोन करायची. एकच सांगणं, दिदी, मे महिन्यात ये, तुझी पण सुट्टी, आपल्या गाडीने ये. सरस्वती दरवर्षी हो म्हणायची आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी पासिंग, कधी गुडघा. ज्याला जायचं नसतं त्याच्या गुडघ्याला फार अक्कल असते.

या मार्चमध्ये एक साधी गोष्ट घडली. मायाच्या जागेवर आता यशोधरा नावाची विठ्ठलवाडीची तरुण मुलगी बसते. एक दिवस मोजताना ती मोबाइल बघत होती म्हणून सरस्वतीने तिला फैलावर घेतलं. पोरगी रडकुंडीला आली आणि हळूच म्हणाली, काकू, तुमच्याकडून कधीच काही राहिलं नाही का? सरस्वती म्हणाली, नाही. हे आणखी एक खोटं. त्या रात्री जेवताना तिने घरात जाहीर केलं की या सुट्टीत मायाकडे जायचं. भावनाच्या गाडीने, रस्त्याने, थेट नेपाळ.

भावना एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात आहे, आणि तिने नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती. पिवळ्या पाटीची व्हॅन राज्याबाहेर न्यायची तर कागदांचा डोंगर, म्हणून हीच गाडी. ती म्हणाली, मम्मी, सतराशे किलोमीटर आहे, ट्रेनने जाऊ. सरस्वती म्हणाली, आपल्या गाडीने येते असं सांगितलंय मी तिला. मुकेश तर हरखूनच गेला. लुंबिनी वाटेवरच आहे हे कळल्यावर त्याने पांढरा सदरा इस्त्रीला टाकला. उल्हासनगरला जाऊन गजानन मार्केटमधून कल्पनासाठी ड्रेसचं कापड झालं, सिंधी पापडांची तीन पाकिटं झाली, आणि सुके बोंबील झाले दीड किलो. बोंबील सात पिशव्यांत बांधले तरी वास दोन राज्यांना पुरून उरला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे ते निघाले. मुकेशने डिकीत बारवी धरणाच्या पाण्याचे तीन कॅन भरून घेतले होते. दुसरं पाणी पोटाला मानवत नाही म्हणे, जसं काही मध्य प्रदेशात लोक रॉकेल पितात. नाशिक, धुळे करत सेंधव्याचा घाट चढेस्तोवर ऊन तापलं. एसी होता, पण तो चढावर दम टाकायचा. ओले टॉवेल काचांना लावून मायलेकी आळीपाळीने चालवत होत्या. प्रत्येक थांब्यानंतर गाडी सुरू करण्याआधी सरस्वती आरशात बघून मोजायची, एक, दुई, तीन. मुकेश वैतागला. म्हणाला, अगं मी तुझा नवरा आहे, केजीतलं पोर नाही. ती म्हणाली, केजीतली पोरं निदान सांगून जातात. कानपूरच्या अलीकडे मोजणी ‘दुई’वरच थांबली, तेव्हा हे गृहस्थ जिलबीवाल्याशी पाकाच्या तारेवरून वाद घालत होते. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही.

मुक्कामाला लॉजवर पोचलं की सगळं सामान उतरवून झाल्यावर ती मागचं दार उघडायची, सीटवर हात फिरवायची, वाकून बघायची. भावनाला वाटायचं, सवय आहे. सवय होतीच. पण त्या रिकाम्या सीटवर हात ठेवून ती रोज एक वाक्य मनात घोटत होती आणि रोज ते वेगळंच होत होतं. गोरखपूरला तर ते इतकं गोड झालं, त्यात मुकेशची बंद पडलेली कंपनी, भावनाची फी, सगळं आलं. मग तिलाच शरम वाटली. इतकी कारणं द्यायची असती तर घरी बसून फोनवरच दिली असती.

सोनौलीला, सरहद्दीवर, ट्रकांची ही मोठी रांग. पलीकडे कमानीखाली गाडीचा भन्सार भरायचा, म्हणजे जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांची पावती फाडायची. कल्याण पासिंगची पाटी बघून तिथल्या माणसाने विचारलं, एवढ्या लांबून, गाडीने? कोण चालवतं? मुकेशने बायकोकडे बोट दाखवलं, आणि छाती मात्र स्वतःची फुगवली. नेपाळचं घड्याळ पाव तास पुढे आहे म्हणून त्याने काटे सरकवले, आणि म्हणाला, लुंबिनी इथून तासाभरावर, आधी वंदना करू, मग मायाकडे. सरस्वती म्हणाली, नाही, परतताना. तो हट्टाला पेटला. तेव्हा तिने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि समोर बघत, आवाज न चढवता सगळं सांगितलं. एप्रिलची दुपार, चाळीस मिनिटं, शाळेतलं ते एक वाक्य. ‘तिथे जाऊन चौथं शील म्हणायचंय मला,’ ती म्हणाली. ‘आधी मायाला भेटल्याशिवाय माझ्याने म्हणवणार नाही.’

मुकेशने इस्त्रीचा सदरा मांडीवरून उचलून मागे ठेवला. मग म्हणाला, चल, आधी मायाकडे.

बुटवल सोडलं की डोंगर लागतो. पाल्प्याच्या, म्हणजे मायाच्या गावाकडच्या, त्या चढावर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, समोरून रंगीबेरंगी ट्रक हॉर्न वाजवत येणार. भावनाने डोळे मिटून घेतले. सरस्वतीला त्या घाटात पहिल्यांदा बरं वाटलं. कात्रपच्या नाक्यावर ज्याने संध्याकाळी यू-टर्न मारलाय त्याला हिमालय काय घाबरवणार.

माया रस्त्यावरच उभी होती. केस पांढरे झाले होते, अंगाने वाळली होती, बाकी तीच. गाडी थांबायच्या आत तिने काचेतून हात घालून सरस्वतीचा खांदा धरला आणि अंबरनाथच्या मराठीत म्हणाली, ‘किती लेट, दिदी. नऊ वर्षं कोण लेट करतं?’ लाल मातीने सारवलेलं तिचं दुमजली घर, मागे मक्याचं शेत, शेळ्या. बोंबील बघून ती हसत सुटली. मुकेशने शेवटची एक बाटली बारवीचं पाणी राखून ठेवलं होतं, माया घोट घेऊन म्हणाली, अजून तसंच, औषधाचा वास. तिच्या नवऱ्याने कोंबडा कापला. भात, डाळ, कोंबडा, बोंबलाची चटणी, एकाच ताटात दोन देश जेवले.

कल्पना मात्र सगळ्यांत असून नसल्यासारखी होती. आता बावीस वर्षांची, गावच्या शाळेत लहान वर्गाला शिकवते. नमस्कार केला, कापड घेतलं, आभार मानले. पण आई अंबरनाथचं नाव काढते न काढते तोच ती काहीतरी आणायला उठायची. सरस्वतीच्या ते लक्षात आलं. तिला वाटलं, पोरीला सगळं माहीत आहे, आणि ती आपला तिरस्कार करते आहे. करावाच. पण त्या पहिल्या दिवशी मायाच्या हसण्यापुढे तिची जीभ उचलली नाही. गाडी सतराशे किलोमीटर हाकणं सोपं, हे शेवटचं एक वाक्य तोंडाबाहेर काढणं जड.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंगणात चहा घेत होते. कल्पना शाळेत निघायच्या तयारीत होती. सरस्वती म्हणाली, ‘कल्पना, थांब जरा. तूपण ऐक.’ आणि मग तिने गोरखपूरची सगळी गोड कारणं बाजूला टाकली. म्हणाली, ‘माया, त्या दिवशी मागची सीट मी बघितली नव्हती. शाळेत मी खोटं बोलले.’

मायाने पेला खाली ठेवला. ‘मला माहीत आहे, दिदी,’ ती म्हणाली. ‘दार लावताना बघितलं ना मी. तू मागे आलीच नाहीस.’

मग बोलली का नाहीस, असं सरस्वतीने विचारलं. माया म्हणाली, मोजणं तर माझंच चुकलं होतं. तू पण बुडाली असतीस तर गाडी बंद झाली असती, दोन घरं गेली असती. एक गेलं, बस झालं. ती हे इतक्या साधेपणाने बोलली, जसं काही बाजारातून एकच पिशवी आणली असं सांगते आहे. सरस्वती रडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्यासमोर, लेकीसमोर, तोंड न झाकता. तिच्या मनात आलं, आपण मायाला कमी लेखलं. ती गरीब म्हणून गप्प बसली असं आपण धरून चाललो, आणि ती तर आपल्याला वाचवून गेली होती.

पण खरा घाव कल्पनाच्या चेहऱ्यावर दिसत होता. ती उभीच होती. हळू आवाजात, अडखळत, जुनं मराठी आठवत तिने विचारलं, ‘म्हणजे मी पाणी प्यायला उतरले नसते, तरी तुम्ही मागे जायला पाहिजे होतं?’

‘जायलाच पाहिजे होतं,’ सरस्वती म्हणाली. ‘मोजणी चुकली तर धरायला मी होते. तू पाणी प्यायलीस, बाळा. एवढंच केलंस तू.’

‘मला वाटायचं, माझ्यामुळे झालं,’ म्हणत कल्पना पायरीवर बसली. तेव्हा सगळ्यांना कळलं की पोरीच्या मनात तिरस्कार नव्हताच. तेराव्या वर्षापासून ती धरून बसली होती की बारावं डोकं आपलं होतं, आपल्या तहानेपायी एक पोर मरता मरता वाचली आणि आईबापांना देश बदलावा लागला. आईला विचारायची तिची हिंमत झाली नाही, आणि आईला वाटलं, पोर विसरली. माया तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नेपाळीत काहीबाही पुटपुटत राहिली. बाकीच्यांनी दुसरीकडे पाहिलं.

बऱ्याच वेळाने कल्पनाने डोळे पुसले. शिक्षिकेच्या सवयीने ती सरळ मुद्द्यावर आली. म्हणाली, ‘काकू, हे तिकडे कोणाला माहीत आहे?’

कुणालाच नाही, सरस्वती म्हणाली.

‘तिकडे अजून आईचंच नाव खराब आहे ना मग?’

मायाने मुलीला दटावलं, पाहुणीशी असं बोलतात का. पण सरस्वती उठली आणि भावनाला म्हणाली, माझा फोन दे. भावनाला कळलं, ही काय करणार ते. पालकांचा ग्रुप होता, जूनच्या सीट त्याच आठवड्यात ठरत होत्या. ती म्हणाली, मम्मी, एकदा विचार कर, घरी गेल्यावर कर. मुकेश मध्येच म्हणाला, तिला करू दे.

आधी तिने कुंदाला फोन लावला. नऊ वर्षं हिच्या नावाचं कौतुक करत फिरणाऱ्या बाईला हे ग्रुपवरून कळावं, हे काही बरं नव्हतं. कुंदाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं, मग तेव्हा माझा हात का धरू दिलात? आणि फोन ठेवला.

मग सरस्वतीने ग्रुप उघडला, माइकवर अंगठा ठेवला आणि मक्याच्या शेताकडे तोंड करून बोलली. ‘मी सरस्वती रोकडे, व्हॅनवाली. नऊ वर्षांपूर्वी राजसी गाडीत राहिली, तेव्हा मागची सीट मी बघितली नव्हती. शाळेत बघितली म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मनमायाची मोजणी चुकली, ती धरायचं काम माझं होतं. तिने कबूल केलं आणि तिची नोकरी गेली, मी खोटं बोलले आणि माझी राहिली. आता तुमची मुलं माझ्या गाडीत बसवायची का, ते तुम्ही ठरवा.’ अंगठा उचलला. गेलं.

अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. चूक सगळेच करतात. जिथे कबूल केलं तर मिठी मिळते, तिथे कबूल करणारेही पुष्कळ. जिथे भाकरी जाते तिथे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगणारी बाई हजारात एखादी.

परतताना ते लुंबिनीला थांबले. मुकेशने पांढरा सदरा घातला. तिथल्या जुन्या पिंपळाखाली बसून तिघांनी पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला सरस्वतीचा आवाज इतका खणखणीत लागला, की पुढे बसलेले दोन भंते मागे वळून बघायला लागले.

शाळा सोळा जूनला उघडली. बारापैकी पाच घरांनी ग्रुपवर कळवलं होतं की यंदा दुसरी सोय केली आहे. एकाने बरंच वाईट लिहिलं होतं, ते तिने पुसलं नाही. कुंदाचा मुलगा उन्मेष, राजसीचा धाकटा भाऊ, दुसरीत, हाही याच गाडीत असे. कुंदाने येतो म्हणून कळवलं नव्हतं आणि नाही म्हणूनही नाही. सकाळचा पहिला स्टॉप कात्रपला, तिचाच. यशोधरा म्हणाली, काकू, पुढे जाऊ या का? सरस्वती म्हणाली, वेळ होईपर्यंत थांबायचं.

गॅलरीत कुंदा उभी होती. तिने खाली पाहिलं, पण हात हलवला नाही. मग जिन्यातून राजसी आली, चौदा वर्षांची, उंच, भावाचा हात धरून. तिने उन्मेषला दारापाशी आणलं आणि सरस्वतीला म्हणाली, ‘आईने सांगितलंय, शाळेत पोचल्यावर मागच्या सीटचा फोटो पाठवायचा. रोज. दुपारी पण.’

‘पाठवीन,’ सरस्वती म्हणाली. राजसी अजून तिथेच होती. जाता जाता तिने गाडीत डोकावून मागच्या सीटकडे एकदा पाहिलं आणि वर निघून गेली.

‘एक,’ यशोधरा म्हणाली.

शाळेच्या गेटवर सात पोरं उतरली. यशोधराने सात म्हटलं, मोबाइल न बघता. सरस्वती उठून मागे गेली, बाराच्या बारा सीटवर हात ठेवला, वाकून खाली बघितलं, म्हणाली, बघितलं. मग फोटो काढला आणि दोन ठिकाणी पाठवला, कात्रपला आणि पाल्प्याला.

पावसाळा संपत आला तरी हे चालूच आहे, सकाळी एक आणि दुपारी एक, रिकाम्या सीटचा फोटो. कल्पना वर्गात शिरण्याआधी लिहिते, ‘बघितलं, काकू.’ कुंदा काहीच लिहीत नाही. नुसत्या दोन निळ्या खुणा उमटतात. सरस्वती त्या उमटेपर्यंत थांबते, आणि मगच गाडी सुरू करते.